कोर्टाचे निकाल कुठे मिळतात, कसे वाचायचे आणि त्यावर किती विसंबायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण सोसायट्यांचे सेक्रेटरी, पागडीच्या खोल्यांतले भाडेकरू, घराचा ताबा रखडलेले खरेदीदार, नुकतीच सनद घेतलेले ज्युनिअर वकील. मला येणारे बहुतेक प्रश्न यांचेच असतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. दोन उत्तरे एकमेकांना चिकटत असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेपरात बातमी आली आहे. मग मूळ निकाल वाचायची गरज काय?

कारण बातमीत "हायकोर्टाने काय म्हटले" एवढेच असते. कोणत्या वस्तुस्थितीवर म्हटले, हे बहुधा वगळलेले असते. आपल्याकडे निकालाचे वजन त्या वस्तुस्थितीवर ठरते.

समजा, "सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता येणार नाही, कोर्टाचा दणका" असे शीर्षक तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. प्रत्यक्षात शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली आदेश काढून हा आकार (सदस्य स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते तो) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. माँट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश वैध ठरवला. म्हणजे आकार घेता येतो, पण मर्यादेत. एखाद्या सोसायटीने मर्यादेबाहेर वसुली केली आणि ती रद्द झाली, तर शीर्षकात "मर्यादेबाहेर" हा शब्द गळतो. मग पुढच्या सर्वसाधारण सभेत त्या गळलेल्या शब्दावरून तासभर भांडण होते.

बातमी वाचा, पण ती निकालाचा पत्ता म्हणून वाचा. पक्षकारांची नावे, न्यायमूर्तींची नावे आणि तारीख टिपून घ्या आणि प्रश्न २ कडे वळा.

२. मूळ निकाल फुकटात कुठे मिळेल?

बहुतेक ठिकाणी मिळतो आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे छापील अहवालात आलेले निकाल जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात विनामूल्य वाचता येतात, अगदी १९५० पासूनचे. उच्च न्यायालयाचे आदेश आणि निकाल त्याच्याच संकेतस्थळावर असतात. खालच्या न्यायालयांसाठी ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप आहे. तिथे १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरणाच्या तारखा आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. महारेराचे, म्हणजे खरेदीदार आणि बिल्डर यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, आदेश महारेराच्या संकेतस्थळावर असतात. शब्द टाकून शोधायचे असेल तर इंडियन कानून हे साधन सगळ्यांत सोयीचे आहे आणि तेही विनामूल्य आहे.

मुंबई उच्च न्यायालयात शोधताना लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. तिथे आधी बाजू निवडावी लागते: ओरिजिनल साइड, अपिलेट साइड, नागपूर, औरंगाबाद, गोवा. मुंबई शहरातले मूळ दावे, लवादाची प्रकरणे वगैरे ओरिजिनल साइडला, तर जिल्ह्यांतून आलेली अपिले आणि बऱ्याच रिट याचिका अपिलेट साइडला. बाजू चुकली की "रेकॉर्ड सापडले नाही" असे येते आणि माणूस समजतो, निकालच झालेला नाही. दुसरी अडचण लॉजिंग नंबरची. ओरिजिनल साइडला प्रकरण दाखल होताच कंसात "एल" असलेला क्रमांक मिळतो आणि त्रुटी दूर झाल्यावर कायमचा क्रमांक पडतो. बातमीत एक आणि निकालावर दुसरा क्रमांक दिसला तर घाबरू नका. अपिलेट साइडला हेच काम स्टॅम्प नंबर करतो. क्रमांकाने सापडले नाही तर पक्षकाराच्या नावाने शोधा.

३. "एआयआर", "एससीसी", "बीएचसी-एएस" हे काय असते? आणि कोणते लिहायचे?

हे निकालाचे पत्ते आहेत. एआयआर म्हणजे नागपूरहून निघणारा ऑल इंडिया रिपोर्टर. एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस. आपल्याकडे बॉम्बे लॉ रिपोर्टर, महाराष्ट्र लॉ जर्नल, बॉम्बे केसेस रिपोर्टर हीही रोजच्या वापरातली नावे. एकच निकाल पाच ठिकाणी छापलेला असू शकतो आणि पाचही पत्ते बरोबर असतात.

२०२३ पासून न्यायालये स्वतःच क्रमांक देऊ लागली, त्याला न्यूट्रल साईटेशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाचा क्रमांक वर्ष, मग "आयएनएससी", मग आकडा असा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात "बीएचसी" नंतर एएस, ओएस, एनएजी, एयूजी किंवा गोवा येते आणि त्यावरून बाजू किंवा खंडपीठ कळते. शेवटी "डीबी" असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींचा आहे. हा क्रमांक मिळाला तर तोच लिहा, कारण कोणत्याही प्रकाशनाची वर्गणी नसलेला माणूसही त्यावरून निकाल काढू शकतो.

४. निकालपत्र साठ पानांचे आहे. मी वकील नाही. सुरुवात कुठून करू?

शेवटापासून. शेवटच्या एक-दोन पानांवर प्रत्यक्ष आदेश असतो: याचिका मंजूर, नामंजूर, अंशतः मंजूर, पुन्हा सुनावणीसाठी परत. तो आधी वाचला की बाकीची पाने कशासाठी लिहिली आहेत हे समजते.

मग पहिल्या पानावर या. न्यायमूर्ती एक की दोन की अधिक, निकाल राखून ठेवल्याची तारीख, दिल्याची तारीख. नंतर वस्तुस्थितीचे परिच्छेद. त्यानंतरचा युक्तिवादाचा भाग फार जपून वाचा, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो. "अर्जदाराच्या विद्वान वकिलांनी असे म्हटले की" या वाक्यानंतर येते ते वकिलाचे म्हणणे. त्याचा स्क्रीनशॉट "कोर्ट म्हणते" म्हणून फिरताना मी असंख्य वेळा पाहिला आहे. तसेच जुन्या निकालातले उतारे आत घातलेले असतात आणि ते कधी कधी पुढे नाकारण्यासाठीच घातलेले असतात.

यानंतर कोर्टाने स्वतःची कारणे दिलेली असतात. तिथे एकच प्रश्न विचारा: हे कारण काढून टाकले तर निकाल बदलला असता का? बदलला असता तर तो निकालाचा गाभा, वकिलांच्या भाषेत रेशो. तेच पुढच्या प्रकरणांना लागू होते. बदलला नसता तर ते जाता जाता केलेले भाष्य, म्हणजे ओबिटर. त्याला मान असतो, पण वजन कमी.

निकाल जामिनाच्या अर्जावरचा किंवा अंतरिम असेल तर त्यातली मते प्रथमदर्शनी असतात. बहुतेक वेळा कोर्ट तसे लिहूनही ठेवते.

५. सुनावणीत न्यायमूर्ती असे बोलले, ते बंधनकारक आहे का?

नाही. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना कसोटीचे प्रश्न विचारतात, कधी मुद्दाम उलट बाजूने. सही झालेल्या आदेशात आहे तेवढेच कोर्टाचे म्हणणे. थेट प्रक्षेपणाच्या तुकड्यांमुळे हा गैरसमज आता फार पसरला आहे.

६. नागपूर खंडपीठाचा निकाल मुंबईत चालतो का? आणि गुजरात उच्च न्यायालयाचा?

नागपूर, औरंगाबाद, पणजी ही एकाच मुंबई उच्च न्यायालयाची पीठे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून बसू लागलेले कोल्हापूरचे सर्किट बेंचही त्यातलेच. तिथला निकाल म्हणजे आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल, आणि दिंडोशीच्या न्यायालयावरही तो तेवढाच बंधनकारक.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. गुजरात, दिल्ली, मद्रास यांचे निकाल इथे पटवून देण्यापुरते. त्याच मुद्द्यावर मुंबईचा निकाल नसेल तर त्यांचा चांगला उपयोग होतो.

एक बारकावा: अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय एखाद्या प्रकरणात पूर्ण न्याय देण्यासाठी खास आदेश देते. तो त्या पक्षकारांपुरता असतो. "सुप्रीम कोर्टाने त्यांना दिले, मग आम्हालाही द्या" हे तिथे चालत नाही. महारेराचे किंवा ग्राहक आयोगाचे आदेश त्या मंचाचा कल समजण्यासाठी उपयोगी आहेत, दिवाणी न्यायालयावर मात्र ते बंधनकारक नाहीत.

७. दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कोणता धरायचा?

आधी पीठ मोजा. पूर्णपीठ (तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचे) दोन न्यायमूर्तींच्या पीठाच्या वर, दोघांचे पीठ एकट्या न्यायमूर्तींच्या वर. तारीख त्यानंतर येते. दोन्ही पीठे सारखीच असतील तर "नवा तो खरा" असे धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये स्पष्ट केले की समान संख्येच्या नंतरच्या पीठाला आधीच्या पीठापेक्षा वेगळे मत घेता येत नाही. पटत नसेल तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचे.

मात्र त्याआधी विरोध खरा आहे का ते तपासा. पुनर्विकासाबद्दलचे शासनाचे निर्देश ३ जानेवारी २००९ चे आणि मग ४ जुलै २०१९ चे. एक निकाल पहिल्यावरचा आणि दुसरा नंतरच्यावरचा असेल, तर दोघे वेगळ्या मजकुराबद्दल बोलत आहेत. विरोध वाटणाऱ्या अनेक जोड्या अशाच सुटतात.

८. हा निकाल अजून टिकून आहे का, हे कसे कळेल?

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा.

उदाहरण पाहा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियन रीसरफेसिंग प्रकरणात म्हटले की खटल्याला मिळालेली स्थगिती कारणे देऊन वाढवली नाही तर सहा महिन्यांनी आपोआप संपते. देशभर त्यावर अर्ज झाले. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. तरीही "सहा महिने झाले, स्टे गेला" असे ठामपणे सांगणारे संदेश फिरत राहिले. मूळ निकाल खोटा नव्हता, तो शिल्लक राहिला नव्हता.

तपासण्याची रीत साधी आहे. निकालाचे नाव इंडियन कानूनवर टाका आणि त्याचा उल्लेख करणारे नंतरचे निकाल काढा. सर्वांत अलीकडचे चार-पाच उघडून त्यांनी तो पाळला, वेगळा ठरवला की नाकारला ते पाहा. निकाल उच्च न्यायालयाचा असेल तर त्याच पक्षकारांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात शोध घ्या. विशेष अनुमती याचिकेला (एसएलपी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी याचिका) साधारण ९० दिवसांची मुदत असते, त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या निकालावर फार मोठे घर बांधू नका.

इथे दोन अवघड वळणे आहेत.

पहिले, "एसएलपी फेटाळली, म्हणजे सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केले" हे वाक्य. कारणे न देता एका ओळीत याचिका फेटाळली असेल तर तसे होत नाही. कुन्हयम्मद प्रकरणात २००० मध्ये हे ठरले आहे. त्या वेळी निकाल उच्च न्यायालयाचाच राहतो. फेटाळताना कायद्याबद्दल कारणे दिली असतील तर त्या विधानांना अनुच्छेद १४१ चे बळ मिळते. परवानगी देऊन अपील ऐकले असेल तर मात्र खालचा निकाल वरच्या निकालात विलीन होतो.

दुसरे, स्थगिती. श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरक सांगितला: आदेश रद्द झाला की तो नाहीसा होतो, पण स्थगिती मिळाली तर तो अस्तित्वात राहतो, फक्त त्या तारखेपासून अमलात येत नाही. म्हणून "स्टे आहे" आणि "उलटला" ही दोन वाक्ये अदलाबदलीने वापरू नका.

९. भारतीय दंड संहिता गेली. मग तिच्यावरचे जुने निकाल रद्दी झाले का?

नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागते. नव्या कलमाची शब्दरचना जुन्यासारखीच असेल तर जुना निकालही उपयोगी पडतो. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचा.

आकड्यांची मात्र काळजी घ्या. फसवणुकीचे ४२० आता ३१८(४) आहे. खुनाचे ३०२ आता १०३. खरी गफलत होते ती ४८२ मध्ये: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठीचे उच्च न्यायालयाचे अधिकार, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुने ४८२ आता ५२८ झाले आहे. बातमीत नुसते "कलम ४८२" असेल तर कोणत्या कायद्याचे ते आधी विचारा.

भाडेकरूंसाठीही हेच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या कलम ५(११) वरचे, म्हणजे भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क कोणाकडे जातो याचे, निकाल आजही वाचले जातात. पण आताची व्याख्या १९९९ च्या कायद्याच्या कलम ७(१५) मध्ये आहे आणि नेमके शब्द तिथले पाहायचे.

१०. हेडनोट, लेख, यूट्यूबवरचे विश्लेषण आणि एआयने दिलेला सारांश यांवर किती विसंबावे?

हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नाही. ती निकालाची अनुक्रमणिका म्हणून उत्तम, पण आधार म्हणून कोर्टात वाचायची नाही. चांगले भाष्य वेगळ्या कामाचे: हा निकाल आधीच्या परंपरेत कुठे बसतो, कोणता मुद्दा सुटला, पुढे काय होऊ शकते. लाइव्ह लॉ आणि बार अँड बेंच यांच्या बातम्यांत बहुधा मूळ आदेशही जोडलेला असतो, म्हणून मी त्यांपासून सुरुवात करायला सांगतो. भाष्यकार त्या प्रकरणात स्वतः वकील होता का, हे जरूर पाहा. असला तरी लेख वाचावा, फक्त ते लक्षात ठेवून.

एआयबद्दल माझे मत कडक आहे. ही साधने अस्तित्वातच नसलेले निकाल, खऱ्यासारख्या नावांनी आणि क्रमांकांनी, बिनधास्त देतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. अधिकृत संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहिला नाही तो निकाल अर्जात, नोटिशीत किंवा सभेच्या इतिवृत्तात लिहू नका. ज्युनिअर मित्रांनो, तुमच्या सहीखाली गेलेला खोटा निकाल तुमच्या अशिलाला भोवतो.

११. मराठीत निकाल मिळतात का?

काही मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी भाषांतर त्यांच्या संकेतस्थळांवर आहे. समजून घ्यायला ते वापरा. मात्र अनुच्छेद ३४८ प्रमाणे या न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे आणि वाद झाला तर इंग्रजी पाठच अधिकृत. मराठीत कायद्यावर चांगले भाष्य फार कमी लिहिले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. सोसायटी, भाडे, वारसा या विषयांवर तरी आपल्या वकिलांनी मराठीत लिहायला हवे.

१२. एवढे सगळे रोज कोण वाचणार? नियमितपणा कसा ठेवायचा?

सगळे वाचायचेच नाही. आपले दोन-तीन विषय ठरवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला सहकार कायदा, पुनर्विकास आणि मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेले मालकीचे हस्तांतरण सोसायटीने मिळवणे) एवढे पुरे. आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी इंडियन कानूनवर तेच शब्द टाका आणि निकाल तारखेप्रमाणे लावून घ्या. एक वही ठेवा: पक्षकारांची नावे, क्रमांक, पीठ, एका वाक्यात वस्तुस्थिती, एका वाक्यात गाभा, आणि शेवटचा रकाना "पुन्हा तपासले" त्या तारखेचा. तो रकाना रिकामा राहू देऊ नका. त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

चर्चगेट-विरार लोकलमध्ये फोनवर निकाल वाचणारे बरेच ज्युनिअर मला भेटतात. त्यांना एवढेच सांगतो: गाडीत वस्तुस्थिती वाचा, कारणे टेबलावर पेन्सिल घेऊन वाचा.

१३. निकालाची प्रत ग्रुपवर टाकली किंवा निकालावर टीका केली तर गुन्हा होतो का?

प्रत टाकायला हरकत नाही. न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल पुन्हा प्रसिद्ध करणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे भंग ठरत नाही. पण खासगी प्रकाशनाच्या हेडनोट आणि संपादकीय भर यांवर त्यांचा हक्क असतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले. म्हणून संकेतस्थळावरची मूळ प्रत पाठवा.

टीकेबद्दल: न्यायालय अवमान कायदा, १९७१ चे कलम ५ सांगते की अंतिम निकाल झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका अवमान नाही. निकाल चुकला असे म्हणा, कारणे द्या. न्यायमूर्तींच्या हेतूवर चिखलफेक करू नका. प्रलंबित प्रकरणात अधिक जपून बोला.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव झाकले पण इमारत, शाळा, नातेवाईक लिहिले तर ओळख उघड झालीच. तिथे काहीच पुढे पाठवू नका.

१४. "निकाल राखून ठेवला" असे झाले. किती दिवस थांबायचे?

अनिल राय प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी घालून दिलेली रीत अशी: तीन महिन्यांत निकाल न आल्यास पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, सहा महिने उलटल्यास प्रकरण दुसऱ्या पीठापुढे देण्याची विनंती मुख्य न्यायमूर्तींकडे करता येते. वकिलांशी बोलून बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या यादीवर, लक्ष ठेवा.

१५. निकाल झाला हे नक्की, पण कुठेच सापडत नाही. असे का?

आधी बाजू आणि लॉजिंग नंबर पुन्हा तपासा (प्रश्न २). आदेश उघड्या कोर्टात सांगितला तरी टंकन आणि सही होऊन अपलोड व्हायला वेळ लागतो. कौटुंबिक आणि बालकांच्या प्रकरणांत नावांऐवजी आद्याक्षरे असतात, तेव्हा नावाने शोध लागत नाही. काही कामकाज बंद दालनात चालते. प्रसिद्धीवर मर्यादा घालण्याचा न्यायालयाचा अधिकार आपल्याच उच्च न्यायालयातून गेलेल्या मिरजकर प्रकरणात १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केला. जुने, कागदावरचे निकाल हवे असतील तर लॉ रिपोर्टचे जुने खंड असलेले ग्रंथालय किंवा न्यायालयातून नक्कल, हे दोनच मार्ग.

१६. माझ्याच प्रकरणाचा निकाल संकेतस्थळावरून उतरवला आहे. अपिलाला तो चालेल ना?

वाचायला आणि सल्ला घ्यायला चालेल. अपिलासाठी बहुधा प्रमाणित प्रत लागते, आणि तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत मिळवायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पण मुदत संपल्यावर प्रतीचा अर्ज केला तर त्याचा काही उपयोग नाही.

मुदती वेगवेगळ्या आहेत आणि लोक इथेच हक्क गमावतात. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या भाडे कायद्याखालील हुकूमनाम्यावर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सहकार न्यायालयाच्या निर्णयावर दोन महिने. महारेराच्या आदेशावर अपिलीय न्यायाधिकरणात ६० दिवस, आणि तिथे बिल्डर अपील करत असेल तर त्याला आधी कायद्याने ठरलेली रक्कम भरावी लागते. वाणिज्यिक दाव्यात ६० दिवस. उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत आहे म्हणून भाषांतराची वाट पाहत बसू नका, त्या काळाची सूट मिळत नाही.